खाली नाव

‘यापुढे तुमची पत्रं नावानिशी छापू का?’ असं दैनिकाच्या संपादकांनी पत्रातून विचारलं होतं. मी उत्तरच पाठवलं नव्हतं.

आज सलूनमध्ये गालांना फेस लावून बसलो होतो. शेजारचे बोंद्रेअण्णा पेपर वाचून दाखवत होते. “‘महापालिकेला मत देताना आपण दिल्लीकडे बघतो आणि गटार तुंबलं की नगरसेवकाला शोधतो.’ लिहिलंय झणझणीत. पण सही काय, तर ‘एक नागरिक’. भित्रा दिसतोय.”

“आहेच भित्रा,” मी म्हणालो. “मीच लिहिलंय ते.”

वस्तरा थांबला. अण्णा हसले. “मग संध्याकाळी चहाला येतो. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाचा प्रचार मीच केलाय. भांडायचंय तुमच्याशी.”

कित्येक वर्षांत माझ्याशी भांडायला कुणी घरी आलं नव्हतं. जाताना पोस्टकार्ड घेतलं, ‘छापा’ लिहून खाली पूर्ण नाव घातलं आणि पेटीत टाकलं.