दुपारच्या डोसनंतर

मान खांद्यावर कलंडली तशी ती दचकून जागी झाली. पुन्हा डोळा लागला होता! पलंगावर बाबा टक्क जागे होते, तिच्याकडेच बघत.

"दुखतंय का? कधीपासून? मला उठवायचं ना!"

"काही दुखत नाहीये, ठमे. तू घोरत होतीस. तेवढं सोडलं तर शांतता होती."

"बाबा, खरं सांगा."

"खरंच घोरत होतीस. घाट चढणाऱ्या ट्रकसारखी."

तिला हसू आलं नाही. बाबांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. अख्खी हयात त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसायचं, जादाचा ब्रेक आपल्या पायाखाली ठेवायचा आणि समोर भिंत आली तरी "छान, छान चाललंय" म्हणायचं. असा माणूस दुखणं चेहऱ्यावर कशाला दिसू देईल?

आजार कमरेच्या हाडात उतरला होता. महिन्यापूर्वी नुसती कूस बदलायची तर ते चादरीचं टोक दातांत धरायचे. मग हॉस्पिटलातून घरी येऊन बघणाऱ्या सिस्टर आल्या आणि त्यांनी मॉर्फिनचं औषध सुरू केलं. ते नाव ऐकताच तिने सिस्टरना विचारलं होतं,

"सवय लागेल ना हो यांना?"

"दुखण्यासाठी मोजून दिलं की तसलं व्यसन लागत नाही, ताई. फक्त दुखायची वाट बघत बसायचं नाही. घड्याळ बघून द्यायचं. दुखणं एकदा पुढे पळालं की त्याला गाठताना नाकी नऊ येतात. आणि पोट साफ व्हायचं औषधही चुकवायचं नाही."

दुपारच्या डोसनंतर मात्र सिस्टरनी एक जादा पथ्य घातलं होतं. कुणीतरी तासभर जवळ बसायचं. आरामखुर्ची पलंगाला लावायची, पडदे ओढायचे, फोन बाहेर, बाळ शेजारच्या काकूंकडे. बोलायचं नाही. बाबांचा हात हातात ठेवायचा. "आणि पाय स्टुलावर घ्या हं, पाय हलले की खुर्ची करकरते. पेशंटला त्रास होतो."

तिने सगळं तंतोतंत पाळलं. बाकी डोस, पथ्यपाणी, पाठीला तेल, अंगाखालच्या चादरीची एकेक सुरकुती, कशात म्हणून कसूर नव्हती. नेमकं हेच जमेना. अंधारलेली खोली, बाबांचा उबदार हात, आणि पापण्या शिशाच्या व्हायच्या. तोंडावर गार पाणी मारून झालं, कडक कॉफी झाली, स्वतःला चिमटे काढून झाले. रोज तेच. भिंतीपलीकडे बाळ नुसतं कुरकुरलं तरी तिला ऐकू येतं, आणि हाताच्या अंतरावर बाप कण्हला तर कळणार नाही? त्या तासात ते ओठ चावून पडून राहत असतील, पोरीला उठवायला नको म्हणून.

संध्याकाळी सिस्टर आल्या. बाबांची कंबर तपासली, पाठ बघितली.

"काका, दहापैकी किती?"

"एक. घासाघीस केलीत तर अर्ध्यावर येतो."

"मी नाही करत घासाघीस. झोप?"

"मस्त. घरात सगळ्यांनाच मस्त लागते."

म्हणजे टोमणाच! तिचा चेहरा उतरला. सिस्टर हात धुवायला स्वयंपाकघरात आल्या, तशी ती मागोमाग आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"सिस्टर, बाबांना तुमच्या वॉर्डात घेऊन जा."

"का? काय झालं? काकांना तर घरीच राहायचंय."

"माहितीये मला! पण तिथे निदान जागी माणसं असतात." तिचा आवाज फुटला. "मी झोपते. दुपारी, त्यांचा हात हातात असताना. रोज झोपते. ते आत तळमळत असतील आणि मी घोरत पडलेली असते. माझ्याच्याने नाही होत."

सिस्टरनी नळ बंद केला. "रोज झोपता? पूर्ण तास?"

"परवा तर दीड."

"बरं झालं."

"बरं काय झालं?"

"ताई, डोस आता नीट बसलाय. त्यानंतर कुणी तासभर बसायलाच हवं, असा काही नियम नाही."

"मग मला का बसवलंत?"

"तो तास काकांनी मागून घेतलाय." सिस्टर ओट्यावरच्या फडक्याला हात पुसत हळूच म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, सगळ्यात जास्त कुठे दुखतं? मला वाटलं, कंबर दाखवतील. त्यांनी दारातून इकडे बोट केलं. तुम्ही बाळाला कडेवर घेऊन याच ओट्याशी उभ्याउभ्या जेवत होता, आणि घास तोंडात असतानाच तुमचे डोळे मिटत होते."