सेनापतीच्या अक्षता

मूठभर अक्षता. एक नारळ. उदबत्तीचा वास. भिंतीवर नव्या राज्याचा नकाशा. जळकोटच्या वाचनालयात अक्षता कशाला, ते गफार टेलरला कळेना. इथं वाचली जाणारी बुटक्या लढवय्यांची कादंबरी त्यानंच लिहिली होती. लोक हसतील म्हणून वहीवर नाव घातलं नव्हतं. महारुद्र मास्तर रोज एक प्रकरण वाचून दाखवत, आणि गफार मागच्या बाकावर अधांतरी पाय हलवत लोकांची मतं ऐकत असे. आजच्या प्रकरणात बुटक्या सेनापतीचं लग्न होतं. “काकू, ही पोथी नव्हे,” मास्तर म्हणाले. “पोथीतल्या लग्नाला अक्षता टाकताव, मग ह्यानं काय घोडं मारलंय?” अक्षता घेऊन आलेल्या सत्यभामाकाकू म्हणाल्या. “उंचीचं सोडा, नवरदेव लई देखणा हाय. कुणी लिवलंय वो हे?” गफार बाकावर उभा राहिला. “म्या.” काकूंनी पहिली मूठ त्याच्याच डोक्यावर उधळली. सेनापतीची उंची लिहिण्याआधी गफारनं स्वतःलाच टेपनं मोजलं होतं.