बिनशिंगांचा राऊटर

"याला शिंगंच नाहीत!" हेमलताबाईंनी नवा राऊटर उलटासुलटा करून पाहिला. "जुन्याला चार होती."

"नव्या मॉडेलची आतच असतात, मावशी," असं म्हणून बसवणारा निघूनही गेला. हिरवे दिवेही गायब. यंत्र जागं आहे की झोपलंय, कळायला मार्ग नव्हता. समोरच्या घाटेकाकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही तसलाच ठोकळा आलाय. मी वर क्रोशाचा रुमाल टाकलाय. बघायलाच नको."

दुपारी सिडनीत भाचीचं बारसं होतं. आत्या एकुलती एक, आणि ती साताऱ्यात. भावाने रडणाऱ्या बाळाच्या कानाशी फोन धरला. हेमलताबाईंनी कुर्रर्र केलं, कधीपासून मनात जपलेलं नाव ओठांवर आणलं, आणि पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजलं.

"अगं, मोठ्याने सांग, म्हणजे पोचेल!" नवरा म्हणाला.

"तान्ह्या पोरीच्या कानात कुणी ओरडतं का?" त्यांनी नाव हळूच सांगितलं. गेलं की वाटेतच राहिलं, देव जाणे.

बऱ्याच वेळाने भावाचा आवाज आला. "ताई, काय ठेवलंस नाव? आम्हाला काहीच ऐकू आलं नाही गं."

हेमलताबाईंचा चेहरा उतरला. "आणि ती? ती काय करतेय?"

"ती मघापासून गप्प झालीय. टुकुटुकु फोनकडे बघतेय."

"मग तिचं झालं. आता तुम्हाला सांगते," म्हणत त्यांनी फोन बाजूला ठेवला, राऊटरकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "मंजिरी!"