चारची शेवटची तारीख

"आज पाच वाजेपर्यंत सांगा, नाहीतर मी त्या खुर्चीत दुसऱ्याला बसवतो," एवढं म्हणून साहेब निघून गेले. काकांनी मान डोलावली. ती होकाराची होती की नकाराची, हे नेहमीप्रमाणे कोणालाच कळलं नाही.

खुर्ची साधीसुधी नव्हती. व्हर्जन सातच्या विभागाचं प्रमुखपद होतं, खिडकीजवळचं टेबल होतं, हाताखाली माणसं होती. काकांना ती हवी होती. हवी म्हणजे किती, तर जेवणाच्या सुट्टीत कोणी नसताना ते तिच्यात बसून यायचे आणि उगाचच खिडकी उघडून, लावून बघायचे. सात त्यांना तोंडपाठ होतं. निम्मंअधिक त्यांनीच तर रचलं होतं. पण त्यांचा पाय अडकला होता चारमध्ये.

चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी. गिऱ्हाइकांचे नंबर, फ्रेमी, बिलं, सगळं त्यात. कुठलं व्हर्जन कधी आलं, त्यात दुरुस्त्या कधीपर्यंत होतील, मदत कधी बंद होईल, अशी प्रत्येकाची कुंडली कोपऱ्यातल्या टेबलावरची एक मुलगी लिहायची आणि कंपनीच्या वेबसाइटवर लावायची. सगळं ऑफिस तिला तारीखबाई म्हणायचं. एक, दोन, तीन केव्हाच निजधामाला गेली होती. पाच आणि सहाच्याही तारखा ठरल्या होत्या. फक्त चारच्या पुढचा रकाना रिकामा होता, आणि तो तिला दातात अडकलेल्या कणासारखा छळत होता. कंपनीचा नियमच तसा होता: एक जरी तक्रार उघडी असेल, तरी शेवटची तारीख लिहायची नाही. चार वापरणारं एकच दुकान उरलं होतं. पण त्या दुकानाच्या बाई दर महिन्याला न चुकता तक्रार करायच्या, आणि ती निस्तरायला काकांशिवाय कोणी नव्हतं.

"काका, या बाई नवीन का नाही घेत? वर्षाच्या पैशांत सगळीच व्हर्जनं मिळतात की!" तारीखबाईने विचारलं.

"अगं, एकट्या आहेत त्या. एकहाती दुकान चालवतात. नवीन म्हटलं की माणूस बुजतो. सगळ्यांनी त्यांना वाऱ्यावर सोडलंय. मीही उठून सातमध्ये गेलो, तर त्यांनी बघायचं कोणाकडे?"

बोलता बोलता काका जुन्या कॉम्प्युटरवर बिलामागून बिल छापत होते. टेबलावर कागदांचा ढीग साचला होता. या महिन्याची तक्रार मोठी चमत्कारिक होती: बिलावर डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला छापला जातो, आणि तोही अधूनमधून. आठवडाभर काका त्या चुकीच्या मागे लागले होते. ती काही सापडत नव्हती.

"असं होणं शक्यच नाही," ते पुटपुटले. "पण बाई म्हणतायत म्हणजे होतच असणार."

तारीखबाईला आता त्या बाईंचा रागच आला. एवढा गुणी माणूस, आणि एका हट्टी गिऱ्हाइकापायी हातची खुर्ची घालवून बसणार! कंपनीत आली तेव्हा तिला सगळं काम काकांनीच शिकवलं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं, फोन ओढला आणि नंबर फिरवला. काकांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला आणि ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावलं.

"नमस्कार बाई, सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतेय. तुम्ही सात घ्याच, असा माझा आग्रह आहे. अगदी सोपं आहे. हवं तर मी स्वतः दुकानात येऊन शिकवते. नाही जमलं तर परत चार घालून देऊ."

पलीकडून खळखळून हसू आलं.

"मला काय शिकवतेस गं पोरी? वर्षभर सातच वापरतेय मी! भाचीने एका दुपारी घालून दिलं. काय सुरेख आहे गं! एक बटण दाबलं की गिऱ्हाइकाचे सगळे जुने नंबर समोर. कोणी केलंय ते? भलताच हुशार माणूस दिसतोय."

हुशार माणसाचे कान लालबुंद झाले होते. तारीखबाईचं बोट अजून ओठांवरच होतं, पण काकांना काही राहवलं नाही. ते फोनवर जवळजवळ पालथेच पडले.

"अहो बाई, मग तो डावा-उजवा डोळा?"

फोनमध्ये मागे दुकानाच्या दाराची घंटी किणकिणली.

"अगंबाई! भाऊ, तुम्ही ऐकताय होय?"

"आठवडाभर शोधतोय मी ती चूक! जेवण सुचत नाहीये मला!"

"कशी सापडेल? नाहीच आहे ती," बाई म्हणाल्या. आवाज आधी ओशाळला होता, मग हळूहळू चढत गेला. "अहो, मी तरी काय करणार? गेल्या वर्षी तुमच्या कंपनीचं पत्र आलं, की तक्रारी थांबल्या की चारचा मदत विभाग बंद. आणि त्या विभागात तुम्ही एकटेच. मग दर महिन्याला डोकं खाजवून नवी तक्रार काढायची, नाहीतर काय तुम्हाला घरी बसू द्यायचं?"