श्रावणातला कांदा

नणंदेची मेल उघडली आणि नेहमीप्रमाणे वन्संच्या मिरजेच्या स्वयंपाकघराचा वास कुमुदिनीबाईंच्या खोलीत पसरला. चेहरा आणि आवाज कुणीही हुबेहूब बनवायला लागल्यापासून मेलसोबत पाठवणाऱ्याच्या घरचा वास जोडायचा कायदाच झाला होता. आता वास हीच सही.

वन्सं पडद्यावर रडत होत्या. “वहिनी, ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. या नव्या खात्यावर आत्ताच्या आत्ता तीन लाख पाठव. फोन करत बसू नकोस.”

“आई, पाठवा ना!” सून चित्रलेखा घाबरून म्हणाली. “वास तपासायचं यंत्र म्हणतंय, शंभर टक्के आत्यांच्याच घरचा आहे.”

कुमुदिनीबाईंनी बटणावर नेलेलं बोट मागे घेतलं आणि पुन्हा हुंगलं. हिंग, उदबत्ती आणि खरपूस परतलेला कांदा.

“आज वार कुठला गं?”

“श्रावणी सोमवार.”

“चाळीस वर्षांत चातुर्मासात वन्संच्या घरी कांद्याचं सालसुद्धा आलेलं नाही. हा वास उन्हाळ्यातल्या कुठल्यातरी मेलमधून चोरलाय!”

त्यांनी थेट वन्संना फोन लावला. वन्संचे यजमान ठणठणीत होते, झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. वन्संनी पैशांचं आणि दवाखान्याचं शांतपणे ऐकून घेतलं. कांद्याचं ऐकलं मात्र, त्यांचा पारा चढला.

“माझ्या घरी? श्रावणात? आधी पोलिसांत दे त्यांना!”

ज्या सोवळ्याला कुमुदिनीबाईंनी चाळीस वर्षं नावं ठेवली होती, त्यानं आज यंत्राला चीत केलं होतं.

“देते, वन्सं,” त्या हसत म्हणाल्या. “आणि आजपासून आमच्याकडेही कांदा बंद!”