पाटांची यादी

सोमवार, २८ जून १९९९. सकाळी सव्वानऊला मितेशने जोह्यातल्या गणपतीच्या कारखान्यातला कॉम्प्युटर बंद केला आणि मागच्या वायरी काढायला घेतल्या.

"पेणचा डॉक्टर आला," मूर्तीच्या सोंडेवरचा हात न उचलता काळुराम म्हणाला. "पेशंट जिता ठेव म्हंजे झालं."

कारखाना काळुरामचा. ऑर्डरी त्याची सून अनिता बघायची. ती त्या वेळी पेणला रंग आणायला गेली होती. कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याने, प्रणितने, घेतला होता. प्रणित गेल्या पावसाळ्यात वारला.

मितेशचं पेणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, घर रोह्याला. घरचा गणपती दरवर्षी इथूनच जायचा. त्याचे वडील महिपती स्वतः पाट आणून ठेवायचे.

लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडायचा, म्हणून अनिताने त्याच्या बदल्यात मितेशकडून बॅटरीवर चालणारा जुना लॅपटॉप घेतला होता. त्यात जागा कमी. सहा वर्षांच्या मूर्तींचे फोटो मावणार नव्हते, ते बाहेर कशावर तरी ठेवायला हवे होते. फ्लॉप्या शेकड्याने लागल्या असत्या. झिप ड्राइव्ह मुंबईहून मागवावा लागणार होता, पण त्यातलं हवं तेव्हा बदलता येत होतं. सीडी लिहायचं मशीन मितेशकडेच होतं. मात्र सीडीवर एकदा लिहिलं की कायमचं.

अनिताने एकच अट घातली होती. फोटो कुठेही ठेवा. यादी मात्र खोडता येईल अशात हवी.

यादी प्रणितने बनवलेली. दोनशे बारा घरं. नाव, गाव, मूर्तीची उंची. शेवटच्या रकान्यात यंदाचा पाट येणार का, 'हो' की 'नाही'. चतुर्थीआधी गिऱ्हाईक आपला पाट आणून देतं, त्यावर खडूने नाव घालतात, मूर्ती त्याच पाटावरून घरी जाते. ज्या घरात सुतक, तिथला पाट त्या वर्षी येत नाही.

चहा घेताना काळुरामने सांगितलं, की आपल्या गिऱ्हाइकांत सुतक जवळजवळ पडतच नाही. लोक म्हणतात कारखान्याचा हात चांगला. गेल्या पावसात वादळाने तीन दिवस लाईट नव्हती, त्या वर्षी एकच पाट आला नाही.

"कुणाचा?"

"आमचाच," काळुराम म्हणाला आणि सोंडेकडे वळला.

दहाला अनिता आली. रंगाचे डबे खाली ठेवण्याआधी तिने रिकामं टेबल पाहिलं. कॉम्प्युटरचा डबा आणि पडदा तोवर रिक्षात गेले होते.

"बंद केला? आजची यादी बघायची राह्यली माझी."

"उद्या बघा, वहिनी. यादी काय चालत जातेय?"

ती हसली नाही. उद्या किती वाजता, एवढंच तिने विचारलं. मितेशने दुपारचे तीन सांगितले. सकाळी जमेल का, असं तिने दोनदा विचारलं. तो नाही म्हणाला.

दुकानात मितेशने यादीच्या आदल्या प्रती पाहिल्या. कॉम्प्युटर रोजची एक प्रत ठेवत होता. वर्षभर, दिवाळीतसुद्धा, यादी रोज सकाळी उघडली होती आणि एखादाच शब्द बदलून बंद केली होती. बाईमाणूस नवऱ्याच्या यादीशी रोज बसतं, त्याला वाटलं. एक बटण चुकीचं दाबलं तर प्रणितची मेहनत गेली.

त्याने झिप ड्राइव्ह मागवला नाही. फोटोंबरोबर यादीही सीडीवर लिहिली. जुना डबा कोरा करून संध्याकाळी खांब गावच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकला.

मंगळवारी दुपारी तीनला त्याने लॅपटॉप अनितासमोर ठेवला आणि सीडी घालून यादी उघडली.

"आता ही कुणालाच खोडता यायची नाय, वहिनी. प्रणितदादाची आठवण कायमची राह्यली."

अनिताने लॅपटॉप जवळ ओढला. ती यादी खाली खाली नेत गेली. एका ओळीवर थांबली, काहीतरी टाईप केलं. लॅपटॉपने ते घेतलं नाही. तिने पुन्हा केलं.

"जुन्या डब्यात हाय ना अजून ही?"

"तो पुसून दिला."

तिचा चेहरा बघून त्याने यादीची एक प्रत लॅपटॉपमध्ये घेतली. तिथे शब्द सहज बदलला. झालं ना, असं त्याने विचारलं. अनिताने ती प्रत मिटली आणि सीडीवरची उघडली. त्या ओळीत अजून 'नाही' होतं.

"हे 'नाही' घालतं कोण?" मितेशने विचारलं.

"ठाव नाय. रोज सकाळी कुणाच्या तरी नावापुढे आलेलं असतं. मी लगेच 'हो' करते." ती पडद्याकडेच बघत होती. "लाईट नव्हती ते तीन दिवस तेवढं नाय जमलं."

काळुरामने ब्रश पाण्यात ठेवला.

मितेशने वाकून ओळ वाचली. रोहा. महिपती. पाट: नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी त्याने कोपऱ्यावरच्या पीसीओतून रोह्याला घरी फोन लावला. पावणेचार वाजेपर्यंत सहा वेळा लावला. घंटा नीट वाजत होती.