जाड पडदा

लशीतून चिप टोचतात आणि राजधानी किंग्स्टनमध्ये बसून साहेबलोक पाळत ठेवतात, असं डोर्कसमावशी गावभर सांगत फिरायची. आज तीच धापा टाकत दवाखान्यात शिरली. “सिस्टर, आमचा म्हातारा सकाळपासून बेपत्ताय! हल्ली त्याला घरही आठवत नाही. माझी नजर चुकवून लस घेतलीय त्याने. लावा तुमचं मशीन, बघा कुठेय.” सिस्टर हसली नाही. “मावशी, लशीत चिप नसते. तुमच्या घरासमोरच्या हायसिंथला विचारलंत?” “त्या भोचक बाईला?” हायसिंथला घरातलं दिसू नये म्हणून तर डोर्कसने खिडकीला जाड पडदा लावला होता. तेवढ्यात हायसिंथच दारात आली, म्हाताऱ्याचा हात धरून. “अनवाणीच नदीकडे निघाले होते. तू इकडे पळालीस, तेही दिसलं.” संध्याकाळी डोर्कसने म्हाताऱ्यापुढे नीरफणस वाढला, पडदा काढला आणि हाक मारली, “हायसिंथ, आम्ही दिसतोय ना गं?”